रिकामा गाऊन

चि. चिमीस,

रागावलेल्या ताईचे आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? माझा गुडघा होता तसाच आहे. तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते.

काल तुझं चित्रप्रदर्शन पाहिलं. माझ्याकडे राहिलीस तेव्हा तू गॅलरीत बसून समोरचं झाड रंगवतेस, अशी माझी समजूत (म्हणून तर जागेवर चहा आणून देत होते). झाड राहिलं बाजूला, तू दोरीवरचा माझा गाऊन रंगवत होतीस, हे मला हॉलभर माणसांत कळलं. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागदच कोरा सोडतात, असं तू कुणा बाईंना समजावत होतीस. माझ्या गाऊनला तुला रंग लागलाच किती असेल? निम्मा धुण्यात गेलाय, उरलेला उन्हात. पण काखेतली उसवण, पोटावरचा तेलाचा डाग, काही म्हणून सोडलं नाहीस. शिवाय खाली चिठ्ठी, ‘रिकामा गाऊन’. अगं, इतकी वर्षं त्यात मी आहे.

तू त्या बाईंमध्ये गुंतलेली असताना तुझे भाऊजी चित्रापुढे थांबले. कापडाच्या दुकानात जन्म गेलेला माणूस, चिंधीवरून ठाण सांगतो. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "पॉपलीन. आपल्याच दुकानातलं." चार लोकांनी माना डोलावल्या. यांना आणखी चेव आला. मला म्हणाले, "कुणाचा का असेना, पण काय जिवंत काढलाय बघ." (याच गाऊनच्या बाहीतून रोज सकाळी यांच्यापुढे चहाचा कप येतो.) मी म्हटलं, हो, छान आहे. मला फार वाईट वाटलं, चिमे. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही, पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून तुझ्यावर चिडले आहे.

मुलांना पापे. उत्तर लिहून पाठव, रंगवून नको.

तुझी,
ताई

ता.क. : ते चित्र यांना विकत हवं आहे, बाहेरच्या खोलीत लावायला. तुला फोन करतील. किंमत सांगू नकोस. गाऊन कुणाचा, एवढंच विचार. ओळखलं तर फुकट दे. नाही ओळखलं तर कितीही देऊ देत, द्यायचं नाही.

आणखी एक : अगदीच अडले तर थोडं सुचव. सुचवलंस हे मात्र मला सांगू नकोस.