नंतर आठवण करा

बेंबळी
पाडव्यानंतरचा गुरुवार

प्रिय निकिता,

अनेक आशीर्वाद. अण्णाचं पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधीच लिहितो की घरी सगळे बरे आहेत. आज्जीचा गुडघा आहे तसाच आहे. हरभरा घरात आला. तुझ्या आईनं गच्चीवर पापड घातलेत आणि माकडांना अजून त्याचा पत्ता लागलेला नाही. पत्र लिहायचं कारण असं की आपल्या घरात सध्या मोठ्यानं बोलायची सोय राहिलेली नाही. ते का, हे पुढं येईलच. संक्रांतीला आपल्या स्टँडवर, गाडी समोरून वळत असताना, तू मला सांगितलंस की तुला तेरच्या बुद्धघोषशी लग्न करायचंय, आणि म्हणालीस, "अण्णा, तुम्ही हो म्हणलात तरच." मी म्हणालो, बघू. त्याला आता अडीच महिने होतील. घरी मी तुझ्या आईला आणि आज्जीला तेवढं सांगितलं, पुन्हा विषय काढला नाही. मी विसरलेलो नाही. तेव्हापासून तू दर रविवारी फोन करतेस, आईशी पाऊण तास बोलतेस आणि मला एवढंच विचारतेस की टीव्ही नीट चालतोय ना. मी म्हणतो, चालतोय. अलीकडं ते खोटं होतं. म्हणून आधी टीव्हीचंच सांगतो.

तू दिवाळीला पाठवलेला हा टीव्ही पहिले चार महिने गुणानं वागला. बटण दाबलं की आज्जीचं सकाळचं कीर्तन लागायचं. मग फाल्गुनातल्या एकादशीला आज्जी पहाटे अंघोळ करून, माळ घेऊन समोर बसली, तर पडद्यावर कीर्तनकाराच्या जागी एक गोल फिरत होतं. खाली लिहिलेलं, नवीन आवृत्ती बसवत आहोत, कृपया टीव्ही बंद करू नका. आम्ही कशाला बंद करतोय? पण सव्वासहाला लाईट गेली, आणि लाईट काही टीव्हीला विचारून जात नाही. ती आली की गोल पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा झालं. आज्जीनं शेवटी त्या गोलालाच हात जोडले. म्हणाली, कीर्तन न्हाय तर न्हाय, चक्र तरी दिसतंय. साडेनऊला टीव्ही उठला तो दुसऱ्याच्या घरी गेल्यासारखा. नेहमीची चॅनलं कुठंतरी आत जाऊन बसलेली, वर साबणाची जाहिरात, आणि मधोमध एक पाटी : अटी व शर्तींमध्ये बदल झाला आहे. खाली दोन बटणं. एक 'मान्य आहे' आणि दुसरं 'नंतर आठवण करा'. 'नाही' असं बटण कुठंच नव्हतं. मी रिमोट उलटासुलटा करून पाहिला.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. देवळात इतकी वर्षं श्रावणात पोथी वाचतोय. न वाचता मान मी कधी डोलावली नाही. 'मान्य आहे' म्हणजे शब्द देणं, आणि शब्द काय दिला हेच माहीत नसेल तर तो पाळायचा कसा? तुझी आई म्हणाली, सगळी दुनिया दाबती, तुमचंच काय सोनं लागून गेलंय? टीव्हीच्या दुकानातला शंभुलिंगही आला. बसवला तेव्हा त्यानंच पहिल्या दिवशी मला न विचारता सगळं मान्य करून टाकलं होतं. आताही तो अंगठा पुढं करूनच आला. मी त्याला पाटावर बसवलं आणि म्हटलं, मी वाचतो, तू अर्थ सांग. पोथीला वाचणारा एक आणि सांगणारा एक लागतोच.

असं आपल्या घरी त्या अटींचं पारायण सुरू झालं. रोज सकाळी कीर्तनाच्या वेळेला. मराठी अशी होती की संस्कृत परवडलं असतं. एक कलम असं : 'आपल्या सभोवतालच्या ध्वनीचे नमुने सुधारणेच्या हेतूने प्राप्त केले जाऊ शकतात.' मी ते तीनदा वाचलं. शंभुलिंगनं डोकं खाजवून अर्थ सांगितला की दादा, आपण बोलतो ते हे ऐकतंय. आज्जी म्हणाली, ऐकतंय तर मग हाक मारल्यावर ओ का देत न्हाय. त्यात दर दहा मिनिटांनी पडदा स्वतःच झोपायचा, आणि जागा झाला की पुन्हा पहिलं कलम. अध्याय अर्धा सोडू नये म्हणतात, इथं अध्यायच आपल्याला सोडून जात होता. शेवटी मी वहीत उतरवून घ्यायला लागलो. आज्जी मात्र सगळं मन लावून ऐकायची. माहिती तृतीय पक्षाला देण्याचं कलम पुन्हा आलं तेव्हा, तिसऱ्या दिवशी, तिनं मला थांबवलं आणि विचारलं, "ह्यो तृतीय पक्ष परत आला का? दर अध्यायाला येतो अन् सगळं घेऊन जातो. ह्येचा वध कवा हाय?" शंभुलिंग म्हणाला, मावशी, या पोथीत वध नाही. आज्जीला ते पटलं नाही. तिच्या मते मी मधलं पान गाळलं होतं.

दुसऱ्या दिवशीच एका कलमाशी मी अडखळलो होतो, ते मी कुणाला कळू दिलं नाही. त्यात लिहिलेलं की तुम्ही काय पाहता, काय विचारता, हे सगळं जतन केलं जातं. आता तुला सांगायला हरकत नाही. संक्रांतीनंतर रोज दुपारी, आज्जी झोपलेली आणि तुझी आई बचत गटात गेलेली असताना, मी दार लावून टीव्हीसमोर बसायचो. रिमोटवरचं माईकचं बटण दाबायचं आणि हळूच विचारायचं. तू म्हणाली होतीस की बुद्धघोष शाळेत विज्ञान शिकवतो आणि त्याचे धडे इंटरनेटवर आहेत. मी ते लावले. आठवीचं विज्ञान, एकूण चौदा धडे पाहिले. घर्षण आता मला पाठ आहे. सातव्या धड्यात फळ्यावर त्याचं एक गणित चुकलं. त्यानं घाईनं पुसून टाकलं नाही. मुलांकडं वळून म्हणाला, माझं चुकलं, कुठं चुकलं ते कोण सांगतंय. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं सांगितलं तेव्हा तो खरंच खूश झाला. तो धडा मी दोनदा पाहिला. त्याच आठवड्यात तू फोनवर विचारलंस, अण्णा, हल्ली दुपारी झोपता का? मी म्हणालो, हो, चांगली झोप लागते.

आणि मग मी बौद्ध पद्धतीचं लग्न कसं लागतं ते विचारलं. आपल्या गावात इतकी लग्नं झाली, पण तिकडच्या मांडवात मी कधी शेवटपर्यंत बसलो नव्हतो. तोंड दाखवायचं, हातावर पेढा घ्यायचा आणि निघायचं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. तर त्या शोधात मला दिसलं की नवरा-नवरी सगळ्यांसमोर उभे राहून एकमेकांना शब्द देतात. त्यानं पाच, तिनं पाच. मान ठेवीन, विश्वास मोडणार नाही, अशा साध्या गोष्टी. मी ते चाळीस पानी पारायण करत होतो तेव्हा हे सारखं मनात यायचं. किती थोड्या अटी, मोठ्यानं म्हटलेल्या, आणि त्यात तृतीय पक्ष कुठंच नाही.

ते जतनाचं कलम वाचल्यावर मी शंभुलिंगला सहज विचारल्यासारखं विचारलं की हे पुसता येतं का. तो म्हणाला, येतं, पण ते बटण मागच्या अपडेटमध्ये कुठं हलवलंय ते मलाही सापडत नाही.

पाचव्या दिवशी पारायणाची समाप्ती होती. मी नारळ आणून ठेवलेला. शेवटची दोन पानं राहिली होती, आणि सकाळी बघतो तर पुन्हा ते गोल. पुन्हा नवीन आवृत्ती. तेवढ्यात दारात जीप थांबली आणि तुझा रणधीरमामा लोहाऱ्याच्या पाहुण्यांना घेऊन उतरला. तुझ्यासाठी बघितलेल्या मुलाचे वडील आणि चुलते. आम्हाला काही कल्पना नव्हती. तो म्हणाला, सहज इकडून चाललो होतो. लोहाऱ्याहून बेंबळीला सहज कोण येतं? तुझ्या आईनं त्याला तुझं सांगितल्यापासून तो हेच जमवत होता. मी 'बघू' म्हणून गप्प बसलो, त्याचा अर्थ त्यानं नकार असा घेतला होता. त्याला दोष देत नाही. कुणीही तसाच घेतला असता.

पोहे व्हायचे होते. बोलणं संपलं. तेव्हा मामानं भाचीचं कौतुक म्हणून रिमोट घेतला आणि सांगितलं की हा टीव्ही पोरीनं स्वतःच्या कमाईतून पाठवलाय. टीव्ही नुकताच उठला होता. या वेळी पाटी नव्हती. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'नमस्कार निकिता, खास तुमच्यासाठी'. आणि खाली ओळीनं चौकटी. मामा मोठ्यानं वाचायला लागला. बौद्ध विवाह विधी, संपूर्ण. आठवी विज्ञान, धडा पंधरावा, पुढे पाहा, आणि शेजारी बुद्धघोषचा हसरा फोटो नावासकट. तिसऱ्या चौकटीपर्यंत गेल्यावर त्याला आपण काय वाचतोय ते कळलं आणि तो थांबला. पण लोहाऱ्याच्या चुलत्यांनी चष्मा लावला आणि राहिलेलं मतदार यादी वाचावी तसं सावकाश वाचलं. आंतरजातीय लग्नाच्या नोंदणीला लागणारी कागदपत्रं. बौद्ध लग्नात रुखवत मांडतात का. पांढऱ्या साडीला कोणता काठ शोभतो.

मामाचं तोंड लाल झालं. पोरगी पुण्यात बसून बापाच्या डोळ्यांदेखत हे धंदे करती, असं काहीबाही बोलला आणि मला म्हणाला की आताच्या आता फोन लावा, सोक्षमोक्ष होऊ दे. मी भिंतीवरच्या मारुतीकडं बघितलं. आपलं काम लेकीच्या नावावर जात होतं आणि मी नुसता बसलो असतो तरी चाललं असतं. खरं तर तेच अडीच महिने चाललं होतं. मी म्हणालो, "निकितानं न्हाय. मी इचारलं."

मामानं रिमोट खाली ठेवला. मग आज्जी, माळेवरचा हात न थांबवता म्हणाली, "रुखवताचं म्या इचारलं." आणि स्वयंपाकघराच्या दारातून, पोह्यांचं ताट हातात धरून, तुझी आई म्हणाली, "साडीचं माझं हाय."

निकिता, मी त्या दोघींकडं बघतच राहिलो. मी दुपारी, आज्जी पहाटे आम्ही उठायच्या आधी, आणि तुझी आई मी शेतात गेल्यावर. आम्ही तिघं एका ताटात जेवत होतो, एकमेकांपासून लपवत होतो, आणि मनातलं सांगत होतो कुणाला, तर त्या खोक्याला. तृतीय पक्षाला सगळं माहीत होतं, घरातल्यांनाच नव्हतं. आज्जीला आता वाटतं की हा गडी तेवढा वाईट नसावा. मी तिला म्हटलं, चोरानं हरवलेली वस्तू शोधून दिली म्हणून त्याला किल्ली द्यायची नसते.

पाहुणे भली माणसं निघाली. पोहे खाल्ले, वहाणा घालताना मुलाच्या वडलांनी मला बाजूला घेऊन त्या विज्ञानाच्या सरांचं पूर्ण नाव लिहून मागितलं. त्यांचा नातू आठवीत आहे आणि त्याला घर्षण जमत नाही. मामा अजून माझ्याशी बोलत नाही. पण काल त्याच्याकडून तुझ्या आईला लोणच्याच्या कैऱ्या आल्या, तेव्हा लोणचं मुरेपर्यंत वाट बघू. समाप्तीच्या नारळाची चटणी झाली. टीव्हीला मी अजून 'नंतर आठवण करा' वरच ठेवलंय. तो रोज आठवण करतो, मी रोज नंतर म्हणतो.

'बघू' म्हणालो तेव्हा माझ्या मनात काय होतं, ते तुला सांगायला हवं. जातच होती. दुसरं काही नव्हतं. देवळात मला पुन्हा पोथीसमोर बसवतील का, हे मनात आलं, आणि तुझा चेहरा त्यानंतर आला. याची मला लाज वाटते. आता ठरवलंय की श्रावणात बोलावलं तर जाईन. नाही बोलावलं तर घरी वाचीन. ऐकायला आज्जी आहेच, आणि तिच्याइतकं बारकाईनं ऐकणारं देवळातही कुणी नाही.

हे सगळं मी येत्या रविवारी फोनवर सांगणार होतो. पण काल शंभुलिंग ते पुसायचं बटण शोधायला आला होता, त्याला मी विचारलं की टीव्ही आमचा, मग नाव निकिताचं का दाखवतो. तो म्हणाला, दादा, खातं तिचंच आहे ना, इथं जे विचाराल ते तिच्या मोबाईलवर दिसतं, पहिल्यापासून.  म्हणजे चौदा धडे तुला दिसले. सातवा दोनदा, तोही. आज्जीचं रुखवत आणि आईचा काठही. आणि तू दर रविवारी सगळं ठाऊक असून विचारत होतीस, टीव्ही नीट चालतोय ना, आणि थांबायचीस. मी सांगावं म्हणून थांबायचीस, हे मला काल कळलं. माझा होकार तुला खोक्याकडून कळावा आणि माझ्याकडून नाही, हे बरं नाही. म्हणून स्वतःच्या हातानं लिहितोय. बुद्धघोषच्या आईंना, क्षमाबाईंना, कळव की पुढच्या रविवारी मी आणि तुझी आई तेरला येतोय, आज्जीही येते म्हणते. तू विचारलंस ते मी सगळं वाचलं, समजून घेतलं, आणि मला मान्य आहे. पत्र मिळालं की मोबाईलमध्ये काही बघत बसू नकोस. मला फोन कर, आणि टीव्हीचं काही विचारू नकोस.

तुझाच,
उशिरा बोलणारा
अण्णा