मामा, तुम्ही मोठी केलेली अक्षरं

ती. मामांना,
भाचीचा वाकून नमस्कार. तुमचा खोकला आणि मामींचा गुडघा बरा असावा. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायला आईनं शिकवलं म्हणून लिहिलं; खरं तसं नाही, आणि खोटं लिहिणं मला जमत नाही.

गेल्या महिन्यात तुम्ही आमच्या फोटो स्टुडिओत आलात आणि माझ्या कॉम्प्युटरची अक्षरं मोठी करून गेलात. (मी मागितली नव्हती.) वर "अगं, नाक टेकवून बघतेस, डोळे तपासून घे," हेही सगळ्यांसमोर ऐकवलंत. मोठ्यांना उलट बोलू नये म्हणून "हो मामा" म्हणाले. त्या दिवसापासून प्रत्येक फोटो धुरकट दिसायला लागला. मला वाटलं, फोटोग्राफरचा हात हलतोय. (त्याला मनातल्या मनात बरंच बोलले, माफी मागायची राहिली आहे.) फोटो सुधारणं माझं काम, म्हणून मी आपली इमानेइतबारे कॉम्प्युटरवर चेहऱ्यांच्या कडा ठळक करत सुटले. एका लग्नाचे फोटो छापून आले, तर नवरीच्या आत्याबाईंच्या ओठांवरची लव केसागणिक मोजता येत होती. आत्याबाईंनी फोटो पाहिला आणि एवढंच विचारलं, "ही कोण?" मालकांनी मला बाजूला घेतलं. "ताई, अजून एक तक्रार आली की तुम्ही तुमच्या घरी."

मग सेटिंग उघडलं, आणि तुमचा पराक्रम दिसला. या चपट्या पडद्यात आडवे एकोणीसशे वीस ठिपके कायमचे बसवलेले आहेत. तुम्ही अक्षरं फुगवायला रेझोल्यूशन बाराशे ऐंशीवर आणलंत. म्हणजे दोन ठिपक्यांचं चित्र तीन ठिपक्यांवर ताणायचं, जशा दोन चादरी तीन खाटांवर अंथरायच्या. मधल्या खाटेला अर्धी हिची, अर्धी तिची. तिथेच चित्राची कड धुरकट होते. मी पुन्हा एकोणीसशे वीस केलं आणि फोटो लख्ख झाले. तेव्हा दोष माझ्या डोळ्यांचा नव्हता, तुमच्या बोटांचा होता, हे आदर राखून, पण स्पष्ट लिहिते.

तुमची आज्ञाधारक (आणि रागावलेली) भाची

ता. क. मालक तुमचे वर्गमित्र. त्यांना तुम्हीच फोन करून सांगा. मी सांगितलं तर म्हणतील, मामावर ढकलते.

ता. क. २ पडदा लख्ख झाला, पण अक्षरं मुंगीएवढी दिसतात आणि मला वाचता येत नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला येतात, मी विचारलं. शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सोबत याल का? एकटीला भीती वाटते. डोळ्यांच्या दोषाबद्दलचं वरचं वाक्य खोडणार होते, पण ते नेमकं कुठे लिहिलंय ते दिसेना.