आतल्या खोलीतून आलेला फोन

मस्कत, १८ जून

ताई,

तुला आणि घरच्या सगळ्यांना जय भीम. सुखरूप पोचले. दवाखान्यातली ड्युटी पुन्हा सुरू झाली. जेवण वेळेवर होतं, काळजी नको. तुझे गुडघे कसे आहेत? थेरगावचे ते तीन जिने सारखे चढू-उतरू नकोस. तुझ्या अस्मिताला नवे शूज बसले का?

हे फोनवर बोलता येत नाही, तुझा फोन कायम माझ्या सुमेधच्या हातात. म्हणून लिहितेय.

सुट्टीभर तो माझ्याजवळ फिरकला नाही. सहा वर्षांचा आहे, लाजतो, असं तू म्हणालीस. पण तू दळण आणायला गेलीस त्या दुपारी त्याने आतल्या खोलीत जाऊन तुझ्या फोनवरून मला व्हिडिओ कॉल केला. मी बाहेर हॉलमध्येच बसले होते. पडलेला दात दाखवला, शाळेतलं गाणं म्हटलं. मी उठून आत गेले नाही. गेले असते तर गप्प झाला असता.

काल इथून मी पहिला व्हिडिओ कॉल केला. माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "आई, आता तू नेहमीसारखी दिसतेस."

पुढच्या मे महिन्यात येऊ की नको, तूच सांग.

तुझी,
मिनल