सात पत्रं, एक वाक्य

सोमवार, ३ मार्च

व्हिसावर राबणाऱ्यांनो! आणताना आपल्याला सांगितलं, ‘तुमच्याशिवाय कंपनी अडलीय’. आणि मुदत संपत आली की, ‘तुम्ही इथे कशाला हवेत, ते लिहून द्या’!

– असं आज सगळ्यांसमोर बोलायचं होतं. बोलले नाही. म्हणून वहीवर राग.

श्वसनयंत्रं बनवणारी आमची कंपनी. दोन वर्षांत वीस माणसांची चारशे झाली. माणसं वाढली, खोल्या नाही. एचआरच्या मॅडम जिन्याखाली बसतात. तिथूनच म्हणाल्या, “बाहेरून आलेल्या सातही जणांच्या व्हिसाचं नूतनीकरण आहे. आपण काय काम करतो, ते पत्र ज्याचं त्याने लिहायचं. खाली सही कंपनीची.”

वा! परीक्षा आमची, पेपरही आम्हीच लिहायचा, आणि गुण कंपनीला!

संध्याकाळी बाकीचे सहाही जण माझ्याभोवती. वेल्डरकाका म्हणाले, “ताई, आमचं पेनशी वाकडं. तुम्हीच लिहा सगळ्यांचं.” मी हो म्हटलं. म्हणताना छाती फुगली, खोटं कशाला बोलू?

गुरुवार, ६ मार्च

सात पत्रं झाली. घरी वाचून दाखवली. नवरा म्हणाला, “अर्ज आहे की निवडणूक?” लेक म्हणाली, “आई, तू घरातही माईकवरच असतेस.” असू दे! एक वाक्य असं जमलंय की सातही पत्रांत घातलं – ‘निर्जीव यंत्राला श्वास घ्यायला शिकवणं, हे माझं काम.’ वाचणारा अधिकारी हलला पाहिजे.

मंगळवार, ८ एप्रिल

हलला! सातही अर्ज अडकले. कारण दोन ओळींत – सर्व पत्रांत एकच वाक्य. वेल्डरचं काम आणि यंत्रात धोक्याची घंटा बसवणाऱ्या इंजिनिअरचं, म्हणजे माझं, काम एकच कसं? कामं खोटी असल्याचा संशय. शुक्रवारी चौकशीला माणूस येणार. त्याला पटलं नाही, तर सात घरं इथून उठणार.

वेल्डरकाकांना तोंड दाखवायला गेले. पत्र त्यांनी आज पहिल्यांदाच वाचलं. हळूहळू, ओठ हलवत. मग म्हणाले, “ताई, मी कुठे श्वास शिकवतो? मी गळती बंद करतो.”

मी गळती बंद करतो! आयुष्यभर ग्रंथ उपसले, सभा गाजवल्या, आणि एवढं सरळ वाक्य मला सुचलं नाही. सुचणार कसं? त्यांना विचारलंच नाही. दुसऱ्याच्या तोंडी आपलं भाषण घालणाऱ्यांना मी आजवर किती झोडपलंय!

बुधवार, ९ एप्रिल

साहेबांनी बोलावलं. कंपनी त्यांचीच. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आम्हा सगळ्यांना ‘फॅमिली’ म्हणतात.

“पत्रं एजंटने लिहिली, असं सांगायचं. एजंट पळाला. विषय संपला.”

“कोणता एजंट?”

“असतो हो एखादा.”

“पत्रं मी लिहिली. तेच सांगणार.”

“मग तुमचा व्हिसा वाचवायचा कोणी?”

“कामं सगळ्यांची खरी आहेत. खोटं आहे ते माझं नटवं वाक्य. ते झाकायला आणखी एक खोटं मी पोसणार नाही.”

हसले. “छान बोलता तुम्ही.” दार त्यांनीच उघडून दिलं.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं – “लेकीची शाळा?”

तरी खरं तेच सांगणार.

शुक्रवार, ११ एप्रिल

चौकशीला बाई आल्या. पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची आणलेली. मी उभीच राहिले. “सातही पत्रं माझ्या हातची. जी शिक्षा ती मला. कामाचं मात्र ज्याचं त्याला विचारा.”

“बसा. आता तुम्ही बोलायचं नाही.”

मी! तीन तास गप्प!

काकांनी त्यांना थेट आपल्या बाकाकडे नेलं. नळीत हवा सोडली, जोडावर साबणाचं पाणी टाकलं. बुडबुडा आला. “ही गळती.” जोड वितळवून बुजवला, पुन्हा पाणी. बुडबुडा नाही. “गेली.” बाईंनी लिहून घेतलं. मग बाकीच्या पाच जणांनी आपापलं काम असंच दाखवलं. कोणाचंही दुसऱ्यासारखं नाही.

शेवटी माझ्याकडे वळल्या. “तुम्ही. बोलून नाही, करून.”

मी चालू यंत्राची नळी उपसली. घंटा ठणाणली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण, तेही घंटेने केलं!

शनिवार, १२ एप्रिल

दुपारभर झोपले. नवरा म्हणाला, “बरं केलंस.” झोपेबद्दल की कालच्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

सोमवार, ५ मे

सहा जणांचे व्हिसा आले. माझा नाही. व्हिसाच्या कचेरीत जाऊन विचारलं. खिडकीतला कारकून म्हणाला, “तुमचा अर्ज कंपनीनेच मागे घेतलाय. पंधरा एप्रिलला.”

पंधरा! त्यानंतर रोज माझ्याकडून काम करून घेतलं. रोज ‘गुड मॉर्निंग’. अर्ज मागे घेतला की देश सोडायला साठ दिवस, त्यातले वीस मला न सांगताच संपवले. आणि मला कळणार कसं? सातांपैकी एकाच्याही हातात स्वतःच्या अर्जाची प्रत नाही, की तिच्यावरचा नंबर सांगून अर्जाचं काय झालं ते विचारावं.

उद्या सहाही जणांना सांगणार, एवढंच – माझ्यासाठी हळहळू नका, पुढची पाळी तुमची असू शकते. आत्ता उठा, आपापल्या अर्जाची प्रत मागा, आणि ती हातात पडेपर्यंत कोणीही जागचं हलू नका!