परस्पर-अपरिचितांचा विमानमेळा

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (पोट मध्ये आल्यापासून आठही अंगं एकदम जमिनीला टेकत नाहीत, जेवढी टेकली तेवढी गोड मानून घे.) वहिनींचा गुडघा आता कसा आहे? इकडे सर्व क्षेम. तुझ्या वडिलांचा, म्हणजे आमच्या काकांचा, रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे.

पत्रास कारण, एक पिवळं जाकीट. आमच्या धावपट्टीवर नवे व्यवस्थापक आले आहेत, आणि विमानापासून फाटकापर्यंतची चाळीस पावलं पिवळ्या जाकिटाशिवाय चालणं हे प्राणघातक कृत्य आहे असं त्यांचं मत आहे. माझ्या वाट्याला आलेल्या जाकिटाची चेन श्वास सोडला की लागते आणि घेतला की उघडते. तीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या माणसाने भर दुपारी प्राणायाम करत फाटक गाठावं, यापरता अधर्म मला तरी माहीत नाही. शिवाय पुढे मुंगीच्या चालीने एक वाटाडी गाडी चालते, तिचं भाडं वेगळं. (वाट एकच आहे, आणि फाटक समोर दिसतं.) उतरण्याचं शुल्क दुप्पट झालंय, थांबण्याचं तासावर गेलंय. आमचं दोन आसनी विमान आता हवेत असतानाच काय ते स्वस्त पडतं.

पण हे सगळं आम्ही गिळलं असतं. प्रश्न काकांच्या मेळ्याचा होता. वर्षातला तो एक रविवार तुला ठाऊकच आहे. चहूकडून लहान विमानवाले येतात, ऑम्लेट खातात, एकमेकांच्या इंजिनात डोकं घालून नावं ठेवतात आणि अंधाराआधी उडून जातात. सव्वीस वर्षं काकांनी हा चालवलाय. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ते त्याची तयारी करतात. यंदा भिंतीवर नियम लागला: पाच किंवा अधिक परस्परपरिचित व्यक्ती धावपट्टीवर जमल्यास तो ‘कार्यक्रम’ समजला जाईल, आणि कार्यक्रमाला विमा, अग्निशमन बंब, डॉक्टर व चार पहारेकरी आयोजकाच्या खर्चाने लागतील. हिशेब केला. काकांनी विमान विकलं तर बंबापर्यंत भागत होतं, डॉक्टर उरत होता. काका दोन दिवस जेवले नाहीत.

तेव्हा तुझ्या या भावाचं न्यायशास्त्र कामाला आलं. जिथे जिथे परिचय, तिथे तिथे कार्यक्रम. म्हणून परिचयाभावे कार्यक्रमाभाव! सर्वांना निरोप गेले: या, पण कुणी कुणाला ओळखायचं नाही.

एकोणीस विमानं आली, दादा. दातांचे डॉक्टर, बेकरीवाले, निवृत्त पोस्टमास्तरीणबाई, सगळी जुनी मंडळी, आणि सगळे एकमेकांकडे दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे बघत होते. ऑम्लेटं एकाच तव्यावर झाली, पण प्रत्येकाने ती वेगवेगळ्या दिशेला तोंड करून खाल्ली. व्यवस्थापक वही घेऊन फिरू लागले. एकाच विमानातून उतरलेल्या जुळ्या भावांपैकी एकाला त्यांनी दुसऱ्याबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, “चेहरा कुठेतरी पाहिलाय खरा. बहुतेक दाढी करताना.” आमच्या सौभाग्यवतींना माझ्याकडे बोट दाखवून विचारलं. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. “पंचवीस वर्षं प्रयत्न चाललाय,” ती म्हणाली, “अजून तरी काही कळलेलं नाही.” व्यवस्थापकांनी ‘अपरिचित’ असं लिहिलं. (तिने शेजारून वाचून खात्री करून घेतली.)

काकांनी तर कमाल केली. माझ्याबद्दल विचारताच त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणाले, “नाही बुवा. आपण कुठले?” पोस्टमास्तरीणबाईंना हसू आवरेना; त्यांनी ऑम्लेटमध्ये तोंड लपवलं.

दुपारपर्यंत व्यवस्थापकांनी प्रत्येकाचं नाव, गाव, धंदा लिहून घेतला. बेकरीवाल्यांच्या पाठदुखीवर औषध सांगितलं, डॉक्टरांना स्वतःची दाढ दाखवली. तेव्हा त्यांच्याच कारकुनाने (फार सज्जन माणूस) कानाशी लागून निदर्शनास आणलं, की साहेब, या धावपट्टीवर सगळ्यांना ओळखणारे आणि सगळे ज्यांना ओळखतात असे आता तुम्ही एकटेच आहात. नियमाप्रमाणे आयोजक तुम्ही ठरता. साहेबांनी वही मिटली, ती काखेत मारली आणि एक ऑम्लेट मागवलं. मेळा पार पडला. उतरण्याच्या शुल्काखेरीज एक छदाम द्यावा लागला नाही.

सर्वांना यथायोग्य सांगावं. उत्तर सवडीने पाठव.

तुझा धाकटा

ता. क. अभिनयाचा चषक सर्वानुमते काकांना दिला. डॉक्टर म्हणाले, इतकं चोख काम त्यांनी रंगमंचावरही पाहिलेलं नाही.

आणखी ता. क. वर ‘सवडीने’ लिहिलंय ते खोड. त्या संध्याकाळी मेळा पांगल्यावर आम्ही एक फेरी मारली; विमान मी चालवत होतो, काका शेजारी होते. वारा बाजूने आला तेव्हा माझ्याआधी त्यांचा पाय हलला. उंची पन्नास फूट चुकली तर दटावलंन्. आणि मग नदीवर आल्यावर अगदी अदबीने विचारलं, “आपण विमान चालवायला कुणाकडे शिकलात?” मी म्हटलं, तुमच्याकडेच. त्यांना फार आनंद झाला. म्हणाले, “चांगले शिकलात हो.”

तिथे वही घेऊन कुणी विचारत नव्हतं, दादा.

ते रोज सकाळी विमानाची किल्ली मागतात. मी रोज नवी सबब सांगतो. किल्ली देता येत नाही, आणि का देत नाही ते त्यांच्या तोंडावर सांगणं माझ्याच्याने होत नाही. तू मुलगा आहेस, तू येऊन सांग. तीन आठवडे हे तुला कळवलं नाही, कारण तू दारात उभा राहिलास आणि त्यांनी तुलाही हात जोडले, तर काय करायचं ते मला सुचत नाही. तरी ये.