वजनमापे निरीक्षकांचा जावई

सोमवार, ३. सकाळी साडेसात.
डॉक्टरबाईंनी रोजनिशी लिहायला सांगितली. कुणाला दाखवायची नाही, नुसती लिहायची. त्यातही सासऱ्यांचं लिहायचं नाही, मला दिवसभर काय होतं ते लिहायचं. मला काय होणार? विसरण्याचा आजार सासऱ्यांना आहे, मी धडधाकट. पण बाई वीस वर्षं आमच्या फॅमिली डॉक्टर, शब्द मोडवत नाही. तर, मी उत्तम. झाला आजचा भाग.

आता मुद्द्याचं. सासरे रिटायर्ड वजनमापे निरीक्षक. उभा जन्म दुकानदारांचे तराजू पकडण्यात गेला. आणि माझं चष्म्याचं दुकान. बायको तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. गेला महिनाभर ते मला ओळखत नाहीत. मी त्यांच्या मुलीला मागणी घालायला आलोय असं त्यांना वाटतं. रोज नाश्त्याला मुलाखत. रोज नापास. कारण एकच, दुकानदाराला मुलगी देणार नाही.

संकल्प: आठवड्याभरात ओळख पटवून देणे. शास्त्रीय पद्धतीने.

मंगळवार, ४.
भिंतीवर चार्ट लावला. माझा फोटो, खाली ठळक अक्षरात ‘जावई’. संध्याकाळी त्यांनी तो काढला, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिला. विनापरवाना जाहिरात आहे म्हणाले. पहिलीच वेळ म्हणून सोडतो.

गुरुवार, ६.
खरं काय ते एकदाच स्पष्ट सांगून टाकायचं ठरवलं. नाश्त्याला सांगितलं, तुमची मुलगी आता नाही, मी तिचा नवरा. त्यांनी चमचा खाली ठेवला. कधी, म्हणाले. मग म्हणाले, मला कुणी कळवलं कसं नाही? तासभर रडत होते. पाठीवर हात ठेवला तर म्हणाले, तुम्ही परके, तुम्हाला कशाला त्रास, तुम्ही घरी जा.
दुपारी विचारलं, ती कॉलेजातून आली का?
येईल, म्हटलं.
दुकान उघडलं नाही. स्टॉक तपासायचा होताच म्हणा. तपासला नाही.

सोमवार, १०.
सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात. बाईंनी विचारलं, तुम्ही कसे आहात? मी म्हटलं, बीपी नॉर्मल, रात्री एकदाच उठतात. बाई खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाल्या, मी तुमचं विचारतेय. जेवता कधी? म्हटलं, त्यांचं झाल्यावर. काय जेवता? उरेल ते. मला काट्यावर उभं केलं. सहा किलो कमी. सासरे म्हणाले, काट्यावर शिक्का नाही, हा काटाच खोटा. बरं वाटलं, कुणीतरी आपली बाजू घेतली.
माझं बीपी जास्त निघालं. जिना चढून आलो म्हणून, असं मी म्हटलं. दवाखाना तळमजल्यावर आहे हे बाईंनी लक्षात आणून दिलं.
मग सूचना. त्यांना खोडून काढू नका. मेव्हण्याकडे मदत मागा. आठवड्यातून दोन दुपारी एक सेविका पाठवते. दर गुरुवारी तुमच्यासारखी मंडळी इथे बसतात, या. मी म्हटलं, गरज पडली तर बघू. माझ्या नावाने एक गोळी दिलीय. खणात ठेवली.

बुधवार, १२.
मेव्हण्याला फोन केला. तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त, म्हणाला. छान वाटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मागायचं ते मागितलंच नाही.

शुक्रवार, १४.
नवा प्लॅन: सासऱ्यांना दुकानात नेणे. दोन्ही कामं एकदम. ते काउंटरपाशी हात मागे बांधून उभे राहिले. एक बाई चष्मा न्यायला आल्या तर त्यांना म्हणाले, घेऊ नका, मालात खोट आहे. बाई परत गेल्या. मी भडकलो, मोठ्याने बोललो, रस्त्यावरचे लोक बघायला लागले. नंतर चष्मा तपासला. उजवी काच डावीकडे बसवली होती. मी. तीस वर्षांत पहिल्यांदा.
कारण: काउंटरवर उजेड कमी. बल्ब बदलणे.

मंगळवार, १८.
दूध गॅसवर ठेवून कचरा टाकायला गेलो. दार मागे लागलं, किल्ली आत. बेल वाजवली. सासरे आतून म्हणाले, अनोळखी माणसाला दार उघडत नाही. म्हटलं, मग निदान गॅस तरी बंद करा. ते म्हणाले, गॅस माझ्या खात्यात येत नाही.
दार बडवलं, ओरडलो, हात जोडले. बंद दाराला! जळका वास यायला लागला तेव्हा जिन्यावरच बसलो. समोरच्या शिवणकामवाल्या वहिनींनी डॉक्टरबाईंना फोन केला. बाई पेशंट सोडून आल्या. दारापाशी म्हणाल्या, साहेब, तपासणी आहे. सासऱ्यांनी ओळखपत्र मागितलं. बाईंनी दाराच्या भिंगासमोर स्टेथोस्कोप धरला. दार उघडलं!
वहिनी गॅसकडे धावल्या. भांडं काळं, पडद्याची कड होरपळलेली.
सासरे बाईंना म्हणाले, आधी जिन्यावरच्या त्या माणसाला बघा. मघापासून रडतोय.
मी रडत नव्हतो. धूर होता.

बुधवार, १९.
मेव्हण्याला बाईंनीच फोन केला. काय बोलल्या माहीत नाही. पुढच्या रविवारी, ३० ला येतोय. सेविकेचंही त्यांनीच ठरवलं. मी हो म्हटलं असणार.

सोमवार, २४.
सेविका आली. दोन ते पाच मी मोकळा. प्लॅन: राहिलेले चष्मे, केस कापणे, जुन्या मित्राकडे चक्कर.
कोपऱ्यापर्यंत गेलो. पुढे कुठे जायचं तेच सुचेना. पाय दवाखान्याकडे वळले, बाकावर बसलो. कंपाउंडरने विचारलं, नंबर घेतलाय? नाही म्हटलं. काय होतंय? सांगता येईना. बसा, म्हणाला. बसल्या बसल्या झोप लागली. साडेपाचला त्याने हलवून उठवलं.
धावत घरी. सेविकेची माफी मागितली. ती म्हणाली, काळजी करू नका, आजोबा अगदी मजेत होते. पोटभर जेवले, गप्पा मारल्या, तुमची आठवण एकदाही काढली नाही.
छान, म्हटलं.
मग बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून, बराच वेळ तोंड धूत राहिलो.