बादलीतलं घड्याळ

अण्णा, मोरीत बादली भरून ठेवली आहे आणि तिच्यात नवीन घड्याळ टाकलं आहे. तुमच्या नातीचं आहे. ती उरलीसुरली खरेदी करायला बदलापूर स्टेशनकडे गेली आहे आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ बोलले, भांडलेसुद्धा, पण तुमच्या घड्याळाचा विषय आला की गप्प बसले. त्या घड्याळाची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे. राहून गेली कसली, मीच सांगितली नाही. आज सांगते.

आधी नातीचं ऐका. फुलबाजी लावली तरी तुमच्या पाठीमागे लपणारी ती पोर अग्निशमन दलात निवडली गेली. उद्या सकाळी ट्रेनिंगला निघते. तिथे दिवसभर मोबाइल जवळ ठेवता येणार नाही, म्हणून मार खाऊनही टिकणारं घड्याळ हवं. "आई, तूच आण, मला टाइम नाहीये," असं म्हणाली आणि वर, "फक्त आजोबांसारखं बुडवून मारू नको हां!" असं म्हणून हसली. मीही हसले. आपल्या घरातला ठेवणीतला किस्साच आहे तो. लेकीने पहिल्या पगारातून घड्याळ आणलं आणि बापाने ते बादलीत बुडवून मारलं. बारसं असो की साखरपुडा, जेवणं झाली की कुणीतरी तो काढतंच. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर काढायचे, आणि तुम्ही सुपारी कातरत मान खाली घालून हसायचात.

मोरिवलीच्या कारखान्यात तुम्ही तपासणी खात्यात होतात. दिवसभर माल पास करायचा नाही तर रिजेक्ट करायचा, आणि घरी आलात तरी हात थांबायचे नाहीत. मला आठवतं, माझं दप्तर आणलंत तेव्हा त्यात दहा किलो तांदूळ भरून ते दोन दिवस खिळ्याला टांगून ठेवलंत. छत्री नळाखाली धरायचात. चप्पल दुमडून तिचं नाक टाचेला लावून बघायचात आणि दुकानदाराचा जीव खालीवर व्हायचा. "दिसण्यावर जाऊ नकोस, पीस काय म्हणतो ते ऐक," हे तुमचं वाक्य. आई म्हणायची, "मलाही बुडवूनच बघणार होते, पण माझ्या बापाने विहिरीकडे जाऊच दिलं नाही." तुम्ही तेव्हा गंभीर चेहरा करून म्हणायचात, "म्हणून तर फसलो." अंबरनाथ पूर्वेच्या त्या दोन खोल्यांत तुमच्या हातून पास झाल्याशिवाय साधी गाळणीसुद्धा आत आली नाही, आणि आलेली वस्तू मग वर्षानुवर्षं टिकली.

तर तो रविवार. मी उल्हासनगरला कॅम्प पाचमधून घड्याळ आणलं आहे. पिवळी धमक तबकडी, नाजूक काटे, बारीक सोनेरी पट्टा. तुमच्या मनगटावर ते कसं दिसेल हे मी आठवडाभर मनात बघते आहे. तुम्ही डबी उघडता, घड्याळ कानाला लावता, डोळे मिटता. मग विचारता, "वॉटरप्रूफ आहे?" मी म्हणते, "हो." तुम्ही माझ्याकडे बघता, खूश होता आणि उठून थेट मोरीत जाता. जेवण होईपर्यंत ते बादलीत होतं. मी ताटातला भात नुसता चिवडत होते. आई म्हणाली, पहिल्या पगाराचा आनंद आहे, भूक कसली लागते. हात धुवायला गेलात तेव्हा तुम्ही ते बाहेर काढलंत. काचेच्या आत धुकं साचलं होतं आणि काटे दीडच्या जरा अलीकडे थांबले होते.

तुम्ही ओरडाल, असं मला वाटलं होतं. रिजेक्ट म्हणाल, दुकानदाराच्या नावाने बोटं मोडाल. तुम्ही धोतराच्या सोग्याने ते पुसत राहिलात, पुष्कळ वेळ. मग म्हणालात, "पोरी, माझं चुकलं. चांगला पीस होता, मी माझ्या हाताने मारला." आई म्हणाली, "अहो, तुमचं कसलं चुकलं? वॉटरप्रूफ म्हणून विकलंय ना, जाऊन त्याच्या तोंडावर मारा!" तर तुम्ही त्या दुकानदाराची बाजू घेतलीत. म्हणालात, "वॉटरप्रूफ म्हणजे हात धुताना उडतं तेवढं पाणी. बादलीत घाल, असं कुणी सांगितलं होतं का मला?" मी भिंतीला टेकून उभी होते.

स्टेशनजवळच्या कारागिराकडून तुम्ही ते चालू करून आणलंत. रोज दहा मिनिटं मागे पडायचं. रोज सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की तुम्ही काटे पुढे सरकवायचात, आणि कुणी वेळ विचारली तर कौतुकाने मनगट पुढे करून सांगायचात, "लेकीने दिलंय." निवृत्त झालात तरी तेच. पण त्या रविवारनंतर तुम्ही घरात एकही वस्तू बुडवून, टांगून, दुमडून बघितली नाहीत. माझं लग्न ठरत होतं तेव्हा आई मागे लागली होती, मुलाची नीट चौकशी करा. तुम्ही म्हणालात, "तिने बघितलंय ना? बास झालं. माझ्या तपासणीने चांगल्या वस्तू मरतात." सगळे हसले. मुलगा चांगला निघाला, ते माझं नशीब. पण अण्णा, ते वाक्य अजून माझ्या छातीत अडकलेलं आहे.

काल पुन्हा कॅम्प पाचला गेले. जुनं दुकान आता तिथे नाही, त्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. पलीकडच्या गल्लीत एक शेठ बसतो, त्याच्याकडे गेले. "मिलिटरी लुक चाहिए ना, दीदी?" म्हणून त्याने हिरव्या-काळ्या घड्याळांची रांगच लावली. लुक नको म्हटलं, घड्याळ दाखवा. पर्समधून भांडी घासायचे रबरी हातमोजे काढले, ते घातले आणि एकेक बटण दाबून बघितलं. पोरीच्या हातात जाड मोजे असणार, तेव्हा दाबता आलं पाहिजे. दोन घड्याळं तिथेच बाद. एकाची काच कडेपेक्षा वर आलेली, भिंतीला घासली की संपली. एकाचे आकडे अंधारात दिसेनात, मी ओढणीखाली धरून बघत होते. शेठ म्हणाला, "दीदी, आप फॅक्टरी में इन्स्पेक्शन में थे क्या?" मला एकदम रडूच आलं. शेवटी एक जाडजूड, कुरूप म्हणावं असं निवडलं. खोल बसलेली काच, नायलॉनचा पट्टा, मोठी बटणं. तुम्ही पास केलं असतंत.

बिल करताना शेठ म्हणाला, "पानी का टेन्शन मत लेना." आणि मला तो दुसरा शेठ आठवला, तेव्हाचा, पांढऱ्या मिशांचा. त्यानेही पाण्याचं सांगितलं होतं, अण्णा. ही ती गोष्ट. त्याने पिवळं घड्याळ हातात देताना स्पष्ट सांगितलं होतं, "बेटी, इस को पानी से दूर रखने का. हाथ धोना हो तो निकाल के." एवढंच नाही, तुम्ही कारखान्यात आहात हे कळल्यावर त्याने तेवढ्याच किमतीचं एक जाड पोलादी घड्याळ पुढे केलं होतं. मला ते नको होतं. मला सोनेरी हवं होतं, चाळीत चार लोकांनी बघावं म्हणून. तुम्ही विचारलंत तेव्हा नाही म्हटलं असतं तर तुमचा चेहरा पडला असता, म्हणून हो म्हटलं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तुम्ही ते बुडवलंत. तुमची तपासणी अगदी बरोबर होती. पीसही खरं तेच सांगत होता. खोटं मी बोलले होते, आणि तुमच्यावर सगळे हसले तेव्हा मीही त्यांच्यात होते.

आत्ताच नात आली. मोरीतून ओरडली, "आई! तू पण? टू हंड्रेड मीटर वॉटरप्रूफ लिहिलंय ना मागे, बादलीने काय होणारे त्याला?" मी म्हटलं, लिहिलेलं वाचलंय मी, बघू दे. "सेम आजोबा आहेस तू," म्हणाली आणि ओलंच मनगटावर चढवून बॅग भरायला गेली. चालू आहे, अण्णा. आत पाण्याचा थेंब नाही.

उद्या ती निघायच्या आधी तिला तुमचा किस्सा खरा कसा होता ते सांगेन, असं इथे एक वाक्य लिहिलं होतं. ते खोडलं. सांगेन की नाही, मला माहीत नाही. आणि तुमच्याशी खोटं एकदा बोलून झालं आहे, दुसऱ्यांदा नको.